लोकसंगीताचे स्वामित्व : शहापूर-मुरबाडच्या आदिवासी संगीताच्या संदर्भात

एखादे गीत कोणाचे, हा प्रश्न ते गीत गायकाच्या कंठातच वसत असेपर्यंत सहसा उपस्थित होत नाही. गाणारा गातो, ऐकणारे ऐकतात, आणि पुढील वर्षी त्याच हंगामात तेच गीत किंचित निराळ्या रूपाने पुन्हा उमटते. प्रश्न उपस्थित होतो तो गीत गायकापासून विलग होऊ लागले म्हणजे. ध्वनिमुद्रणाने हे विलगीकरण शक्य केले. चित्रपट, ध्वनिमुद्रिका आणि अलीकडे भ्रमणध्वनी यांनी ते अत्यंत सुलभ केले. ज्या संगीताला ज्ञात कर्ता नाही, परंतु ज्याला निश्चितपणे एक समाज आहे, त्या संगीतावर त्या समाजाचा कोणता हक्क उरतो, याचा विचार ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, विक्रमगड हे आदिवासीबहुल तालुके पालघरमध्ये गेले. उर्वरित ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण व डोंगराळ भाग मुख्यतः शहापूर व मुरबाड या तालुक्यांत राहिला. माहुलीच्या किल्ल्यापासून माळशेज घाटापर्यंत पसरलेल्या या सह्याद्रीच्या उतारावर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली इत्यादी जमाती राहतात. तानसा व भातसा या जलाशयांतून मुंबई महानगराची तहान याच भूमीतून भागविली जाते, आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा २०२५ मध्ये खुला झालेला अखेरचा टप्पाही शहापूर तालुक्यातूनच जातो. तात्पर्य, हा प्रदेश महानगराच्या अगदी दाराशी आहे. येथील पाणी, वाळू, मजूर यांप्रमाणेच येथील सूरही सहजगत्या बाहेर जाऊ शकतो.

या संगीताचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ठाकरांचा ढोलाच्या ठेक्यावरचा कांबड नाच, भाद्रपदातील गौरीचे नाच, वारल्यांच्या लग्नविधीत धवळेरीने गावयाची गीते, भगताच्या घांगळीच्या साथीने होणारे देवतांचे कथन, आणि तारप्याभोवती फेर धरून केला जाणारा नाच, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. तारप्याचे मुख्य क्षेत्र जव्हार-डहाणूकडील असले तरी त्याचा परिचय या संपूर्ण पट्ट्यास आहे. वाळविलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यांतील जिभल्या, ताडाच्या पानांचे कर्णे आणि हे सर्व सांधणारे मेण, एवढ्या सामग्रीतून हे वाद्य सिद्ध होते. वादक श्वास न तोडता ते वाजवीत राहतो आणि फेरातील नर्तक त्याच्या सुरावटीतील बदल ओळखून पावले बदलतात.

या प्रकारांपैकी एकही केवळ श्रवणसुखासाठी निर्माण झालेला नाही. तारपा वाजतो तो भाताचे नवे पीक हाती येण्याच्या सुमारास. धवळेरीचे गीत विवाहाच्या मांडवात शोभते, अन्यत्र नव्हे. भगताचे कथन देवकार्याशी निगडित असते. कोणी गावे, केव्हा गावे, कोठे गावे, याचे अलिखित नियम समाजाजवळ असतात. वस्तुतः हे नियम म्हणजेच या संगीताच्या स्वामित्वाचे मूळ रूप होय. कागदावरील मालकी विकण्याच्या अधिकाराने सिद्ध होते; परंपरेतील मालकी औचित्य ठरविण्याच्या अधिकाराने सिद्ध होते. हा भेद लक्षात न घेतल्यास पुढील सर्व चर्चा केवळ पैशाच्या वाटणीपुरती संकुचित होण्याचे भय असते.

हा प्रश्न एकट्या ठाणे जिल्ह्याचा नाही. जमेकातील रेगे संगीताचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. १९६० नंतरच्या दशकात किंग्स्टन शहरातील दरिद्री वस्त्यांत हे संगीत आकारास आले. ग्रामीण लोकगीते, आफ्रिकी मूळ असलेले ढोलवादन, रास्ताफारी पंथाची प्रार्थना आणि अमेरिकेतून येणारे नभोवाणीवरील संगीत यांचा त्यात संगम झाला. अनेक वादकांना एकेका ध्वनिमुद्रणाबद्दल ठराविक रक्कम हातावर मिळे. पुढे त्या मुद्रिकांपासून होणाऱ्या उत्पन्नात त्यांचा वाटा नसे. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, तथापि त्याचा स्वतःचा आधुनिक स्वामित्वहक्क कायदा १९९३ मध्ये झाला. तोपर्यंत रेगे जगभर पसरले होते. २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत रेगेचा समावेश केला. हा गौरव मोठा खरा. परंतु ज्या २००३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये ही यादी सिद्ध होते, त्या करारात बौद्धिक संपदेच्या हक्कांना स्पर्श केलेला नाही. यादीतील नाव प्रतिष्ठा देते, मालकी देत नाही.

रेगे आणि ठाकरांचा कांबड नाच यांत एक महत्त्वाचा फरकही आहे. रेगेचे गीतकार व गायक नावानिशी ज्ञात आहेत. म्हणून उशिरा का होईना, कायद्याला त्यांचा हक्क ओळखता आला. अनामिक परंपरेपाशी येताच कायद्याची दृष्टी अधू होते. भारताचा १९५७ चा स्वामित्वहक्क अधिनियम कर्ता गृहीत धरतो आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क मान्य करतो. ज्या गीताला कर्ताच नाही किंवा असंख्य कर्ते आहेत, त्याचा मृत्यूचा दिनांक कोणी सांगावा? साहजिकच असे गीत सर्वांसाठी मुक्त समजले जाते. मात्र त्याच गीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यास निर्माता म्हणून त्या मुद्रणावर साठ वर्षांचा हक्क प्राप्त होतो. पिढ्यान् पिढ्या गीत जतन करणारा हक्कहीन आणि एका सायंकाळी यंत्र घेऊन येणारा हक्कदार, अशी ही विपरीत स्थिती आहे.

या विपरीततेवर एक अंशतः उतारा याच अधिनियमात आहे. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक बळकट झाला. गीत कोणाचेही असो, ते प्रत्यक्ष गाणाऱ्या वा वाजविणाऱ्या व्यक्तीच्या संमतीवाचून त्याचे मुद्रण करता येत नाही. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. शिवाय सादरकर्ता म्हणून आपले नाव दिले जावे आणि आपल्या कलेचा विपर्यास होऊ नये, असा नैतिक हक्कही त्यास आहे. म्हणजेच मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरील ढोलवादक कायद्याच्या लेखी अगदीच निराधार नाही. परंतु हा हक्क व्यक्तीचा आहे, समाजाचा नव्हे. वादकाने संमतिपत्रावर अंगठा उमटविला की त्याच्या जमातीला बोलण्यास जागा उरत नाही.

संमतीचे मूल्य किती फसवे असू शकते, हे दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाच्या उदाहरणावरून दिसते. त्याने १९३९ मध्ये जोहान्सबर्ग येथे मुद्रित केलेले गीत पुढे इंग्रजी रूपांतराने जगप्रसिद्ध झाले. हक्क मात्र त्याने अत्यल्प मोबदल्यात सोडून दिले होते. १९६२ मध्ये तो दारिद्र्यातच वारला आणि त्याच्या कन्यांना तडजोडीने काही न्याय मिळाला तो २००६ मध्ये. तैवानमधील आमिस जमातीच्या एका वृद्ध दांपत्याच्या गायनाचे मुद्रण युरोपच्या दौऱ्यात झाले, ते एका लोकप्रिय पाश्चात्त्य गीतात वापरले गेले आणि १९९६ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या प्रचारातही झळकले. गायकांना न्यायालयात जावे लागले व १९९९ मध्ये तडजोड झाली. या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर तैवानने २००७ मध्ये मूलनिवासी जमातींच्या पारंपरिक निर्मितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात हक्कधारक म्हणून व्यक्तीऐवजी जमात मान्य करण्यात आली आहे, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय.

भारतात असा कायदा नाही. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा अधिनियम समूहाचा हक्क मानतो, परंतु तो वस्तूंपुरता मर्यादित आहे. वारली चित्रकलेला त्यान्वये २०१४ मध्ये नोंदणी मिळाली. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये मिळाली. सतार ही हस्तकलेची वस्तू म्हणून नोंदविता येते, तिच्यावर वाजणारा राग नोंदविता येत नाही. वारली चित्रांच्या बाबतीत तर मोठा विरोधाभास दिसतो. त्या चित्रांतील सर्वांत परिचित आकृती म्हणजे तारपेवाल्याभोवतीचा नागमोडी फेर. भिंतीवरचा तारपा नोंदणीच्या छत्राखाली आला. अंगणात वाजणारा तारपा मात्र बाहेरच राहिला.

तथापि शहापूर व मुरबाडच्या रहिवाशांपाशी दोन साधने अशी आहेत, ज्यांचा या दृष्टीने विचार क्वचितच होतो. शहापूर तालुका व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. या क्षेत्रास लागू असलेल्या पंचायतविषयक १९९६ च्या अधिनियमाच्या कलम ४ अन्वये लोकांच्या रूढी-परंपरा व सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे, आणि एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूहही स्वतंत्र गाव ठरू शकतो. दुसरे साधन २००६ च्या वनहक्क अधिनियमाचे. त्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधता व सांस्कृतिक विविधता यांच्याशी संबंधित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केला आहे. भोपळा, बांबू, ताड व मेण यांतून घडणारे आणि पिकाच्या ऋतुचक्राशी बांधलेले संगीत या व्याख्येपासून फार दूर नाही. न्यायालये हा अर्थ कितपत स्वीकारतील ते पुढे ठरेल. परंतु ग्रामसभेने ठराव करून ध्वनिमुद्रणाच्या अटी घालण्यास त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

येथे काही अडचणींचा विचार अवश्य केला पाहिजे. पहिली अडचण सीमेची. कांबड नाच एका गावाचा नाही. ठाकरांची वस्ती ठाण्याप्रमाणे रायगड, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतही आहे. तारपा तर एकट्या वारल्यांचाही नाही. कोकणा, मल्हार कोळी इत्यादी जमातींतही तो वाजतो आणि राज्याची सीमा ओलांडून दक्षिण गुजरातेतही ऐकू येतो. एका ग्रामसभेने दिलेली अनुमती सर्वांच्या वतीने दिली असे मानता येणार नाही, आणि एकीने केलेली मनाई दुसरीवर बंधनकारक ठरणार नाही. ग्रामसभेचा अधिकार म्हणूनच विशिष्ट मुद्रणापुरता मानणे योग्य. परंपरेवरील एकाधिकार म्हणून नव्हे.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. मालकीची कुंपणे फार उंच बांधली तर आतील पीकच सुकण्याचा धोका असतो. रेगेची वाढ परस्परांकडून उसने घेण्याच्या मोकळिकीतून झाली. एकाच ठेक्यावर अनेक गायकांनी आपापली गीते रचली. ठाकरांच्या नाचातील गीतांतही नव्या ओळी सतत शिरतात. रेल्वे, धरण, वीटभट्टी यांचे उल्लेख जुन्या चालींत सामावले जातात. तेव्हा समाजांतर्गत वापर आणि बाहेरील व्यापारी वापर यांत स्पष्ट भेद करावा लागेल. पहिल्यास कोणतीही आडकाठी असू नये; दुसऱ्यास पूर्वसंमती, नामनिर्देश व लाभांशाची अट असावी.

केवळ हक्काचे रक्षण म्हणजे भवितव्याचे रक्षण नव्हे, हेही तितकेच खरे. वादक नसेल तर हक्क कोणाचा? भात कापून झाल्यावर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि मुलांचा वर्षातील मोठा काळ गावाबाहेर जातो. तरुण शहापूर, कल्याण येथे कामास जातात. लग्नाच्या वरातीत बेंजो व ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या आहेत. वन व माळ आक्रसले की वाद्याची सामग्रीही दुर्लभ होते. ज्या सरकारी व खाजगी महोत्सवांत आदिवासी नृत्यास आमंत्रण मिळते, तेथे रात्रभराचा नाच दहा मिनिटांत आटोपावा लागतो. अशा वेळी वादकास मिळणारे मानधन आणि त्याच्या नावाचा उच्चार या क्षुल्लक बाबी नसतात. हे वादन शिकण्याजोगे आहे, असे पुढील पिढीस त्यांवरूनच वाटते किंवा वाटेनासे होते.

या प्रश्नात विद्यापीठे त्रयस्थ नाहीत. कृ. ज. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ १९४५ मध्ये आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून या जमातींविषयी विपुल सामग्री गोळा झाली. परंतु ती इंग्रजीत, शहरांतील ग्रंथालयांत राहिली आणि जिच्याकडून घेतली त्या वस्तीकडे क्वचितच परतली. उलट पक्षी हेमा राईरकर व गी पॉयट्व्हँ यांनी संकलित केलेल्या जात्यावरील लाखाहून अधिक ओव्यांच्या प्रकल्पात गाणारीचे नाव व गाव नोंदविण्याची शिस्त पाळली गेली, आणि त्या ओव्या आज सर्वांना ऐकण्यास खुल्या आहेत. ‘लोकगीत’ या शब्दामागे लपणारी व्यक्ती तेथे पुन्हा दृश्यमान होते.

क्षेत्रकार्यास जाणाऱ्या संशोधकासाठी यातून काही नियम सहज निष्पन्न होतात. संमती लोकांच्या बोलीत समजावून घ्यावी, आणि ती व्यक्तीबरोबरच पाड्याच्या सभेकडूनही घ्यावी. संशोधनासाठीची संमती व प्रसिद्धीसाठीची संमती या भिन्न मानाव्यात. प्रत्येक मुद्रणासोबत गायकाचे नाव, गाव, प्रसंग व ऋतू यांची नोंद असावी. मात्र नाव देऊ नये अशी गायकाची इच्छा असल्यास तिचा मान राखावा. विधीतील जो भाग बाहेर जाऊ नये असे समाजास वाटते, तो संग्रहात असला तरी बंद ठेवावा. मुद्रणाची प्रत गावच्या शाळेत किंवा ग्रामसभेपाशी पोहोचल्याखेरीज प्रबंध पूर्ण झाला असे समजू नये.

हे नियम पाळण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही. कायदा होईल तेव्हा होवो; परंतु तो झाला त्या दिवशी हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावा लागेल, आणि तो पुरावा म्हणजे आज केलेल्या प्रामाणिक नोंदी. मुरबाडच्या पाड्यावर ढोल वाजतो आहे तोवर त्या नोंदी करता येतील. तो थांबल्यानंतर केलेली नोंद संग्रहालयाच्या उपयोगी पडेल, समाजाच्या नव्हे.