कंपन-उपचार : म्हातारपणातली ताकद आणि तोल

संपूर्ण शरीराच्या कंपन-उपचारात माणूस विजेवर चालणाऱ्या, वेगाने थरथरणाऱ्या फळीवर गुडघे किंचित वाकवून उभा राहतो. फळीची थरथर तळपायांतून पोटऱ्या, मांड्या आणि कंबरेपर्यंत पोहोचते आणि तिथले स्नायू आपोआप आखडू-सैलावू लागतात. अर्धा-एक मिनिट कंपन, मग तेवढीच विश्रांती, असे काही फेरे झाले की दहा-वीस मिनिटांत काम आटोपते. फिजिओथेरपी केंद्रांत आणि काही जिममध्ये दिसणारे हे यंत्र ज्येष्ठांसाठी वापरले जाते ते मुख्यतः पायांची ताकद वाढवण्यासाठी आणि तोल सुधारण्यासाठी.

साठीनंतर स्नायूंची झीज वेग घेते. स्नायूंच्या आकारापेक्षा त्यांची ताकद अधिक झपाट्याने घटते. झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात आणि ठेच लागल्यावर सावरायला नेमके तेच लागतात. त्यात तळपायांची संवेदना, नजर आणि आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही मंदावते. या स्नायुक्षयाला अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीचा जोर पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली असेल, किंवा हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पुढची तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते.

कंपनाचा औषधासारखा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले मज्जाविकारतज्ज्ञ जाँ-मार्तँ शार्को यांचे कंपवाताचे रुग्ण आगगाडीच्या लांब प्रवासानंतर बरे वाटल्याचे सांगत. त्यावरून शार्को यांनी थरथरणारी खुर्ची तयार करवली आणि १८९२ मध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत प्रशिक्षकांनी खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी कंपन वापरले आणि पुढे ते वृद्धांच्या उपचारांत आले.

यामागची क्रिया मज्जातंतूंची आहे. स्नायूंमध्ये ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. कंपनाच्या प्रत्येक हेलकाव्यात स्नायू किंचित ताणला जातो, संवेदक मज्जारज्जूला संदेश पाठवतात आणि स्नायू प्रतिक्षिप्तपणे आकुंचन पावतो. स्वीडनमधील संशोधक हागबार्ट आणि एकलुंड यांनी १९६६ मध्ये या प्रतिक्रियेचे वर्णन केले. मेंदूकडून मुद्दाम आज्ञा न जाताही स्नायू कामाला लागतो, म्हणून ज्यांना वजने उचलणे किंवा जोर लावणे जमत नाही त्यांच्यासाठी ही पद्धत सोयीची वाटते. तळपायांतल्या आणि सांध्यांतल्या संवेदकांनाही चालना मिळते. तोल सुधारण्यामागे याचा वाटा असावा, असे मानले जाते.

यंत्रे दोन प्रकारची असतात. एकात संपूर्ण फळी वर-खाली होते, तर दुसऱ्यात ती सी-सॉसारखी डावी-उजवीकडे झुलते. कंपने सेकंदाला साधारण २० ते ४० असतात. फळी किती सरकते यावर शरीरावरचा भार ठरतो. सेकंदाला ३० कंपने आणि मध्यापासून दोन मिलिमीटर हालचाल असेल, तर फळीचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सातपट भरतो. ‘सौम्य’ यंत्रांत तो जेमतेम ०.३ पट असतो आणि हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. दोन्ही यंत्रांना नाव एकच असले तरी उपचार वेगळे आहेत. एकावरच्या प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही.

ताकदीबाबतचे निष्कर्ष आशादायक आहेत. बेल्जियममधील लूवेन विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात ५८ ते ७४ वर्षांच्या, पाळी गेलेल्या स्त्रियांनी जोरदार कंपनाच्या फळीवर सहा महिने व्यायाम केला. त्यांच्या मांड्यांची ताकद १५-१६ टक्क्यांनी वाढली. मात्र फळीवर त्या नुसत्या उभ्या नव्हत्या, बैठकाही मारत होत्या, त्यामुळे सगळे श्रेय कंपनाला देता येत नाही. हाँगकाँगमध्ये साठीपुढच्या ७१० स्त्रियांवरच्या प्रयोगात सौम्य कंपन १८ महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटे दिले गेले. पडण्याच्या किंवा हाड मोडण्याच्या घटना कंपन घेणाऱ्या १८.६ टक्के स्त्रियांत घडल्या, तर न घेणाऱ्या २८.७ टक्क्यांत. पायांची ताकद आणि तोलही सुधारला, पण हाडांच्या घनतेत फरक पडला नाही.

हाडांचा मुद्दा इथेच अडतो. २००१ मध्ये मेंढ्यांवर वर्षभर सौम्य कंपन वापरल्यावर मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली होती. माणसांत मात्र तशी वाढ दिसली नाही. बोस्टन परिसरात सरासरी ८२ वर्षांच्या १७४ जणांना दोन वर्षे सौम्य कंपन देऊनही हाडांना लाभ झाला नाही. त्यामुळे हाडांच्या ठिसूळपणावर डॉक्टरांनी दिलेली औषधे कंपनाच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे.

उपचारापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी, ताजे हाड-मोड किंवा शस्त्रक्रिया, पेसमेकर, अपस्मार, मूतखडा किंवा पित्तखडा, डोळ्याच्या पडद्याचा विकार, मधुमेहामुळे पायाला झालेली जखम यांपैकी काही असल्यास कंपन सहसा टाळतात. पाय ताठ ठेवले तर थरथर डोक्यापर्यंत पोहोचते, म्हणून गुडघे वाकलेले हवेत आणि हात कठड्यावर. सुरुवात कमी तीव्रतेने, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली करावी. चक्कर किंवा डोकेदुखी जाणवली तर लगेच थांबावे.

पडणे टाळण्याचा सर्वांत भक्कम पुरावा अजूनही साध्या व्यायामाचा आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ प्रयोग आणि २३,४०७ ज्येष्ठांची माहिती तपासली गेली, तेव्हा व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सुचवते. खुर्चीवरून उठ-बस, टाचा उचलणे, आधार धरून एका पायावर उभे राहणे हे त्यात मोडते. ज्यांना हे जमते त्यांना यंत्राची गरज नसते. आजारपणाने किंवा अशक्तपणाने ज्यांचा व्यायाम सुटला आहे, त्यांच्यासाठी कंपनाची फळी पहिली पायरी ठरू शकते. सराव थांबला की मिळवलेली ताकद ओसरते, म्हणून फळीवर पायांत जोर आल्यावर साध्या व्यायामाकडे वळणे आणि तो चालू ठेवणे गरजेचे असते.