वाडी सुधारली की योगायोग?

शाहूवाडी तालुक्यात डोंगरउतारावर लहान लहान वाड्या विखुरलेल्या आहेत. समजा, अशा एका वाडीत वर्षभरात २० बाळे जन्मली आणि त्यांतले एक दगावले. अर्भक मृत्युदर झाला हजारी ५०. पुढच्या वर्षीही २० जन्म, पण मृत्यू एकही नाही, दर शून्य. मग वाडीचे आरोग्य सुधारले म्हणायचे का?

वर्गात करून पाहा. पिशवीत १९ पांढरे आणि १ लाल मणी घाला. न पाहता एक मणी काढा, रंग नोंदवा, मणी परत टाका. प्रत्येकाने असे २० वेळा करायचे. लाल मणी एकदाही न येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. पिशवी तीच, धोका तोच. तरी साधारण तिघांतल्या एकाचा ‘दर’ शून्य!

म्हणून अनेक गावांची नोंद एकत्र करावी लागते आणि तुलनेलाही गावे लागतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९७-९८ मध्ये पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचा दर काळजी घेतलेल्या गावांत हजारी २५.५, तर इतरत्र ५९.६ होता. इतक्या गावांत एवढा फरक केवळ योगायोगाने पडणे अवघड.

तेव्हा एका वाडीच्या एका वर्षाच्या दरावरून आरोग्यसेविकेला शाबासकी नको, ठपकाही नको. दगावलेल्या प्रत्येक बाळाची चौकशी मात्र हवीच. त्यासाठी दर काढावा लागत नाही.