विश्लेषण : मोबाइलवर गाणे ध्वनिमुद्रित होते, मग मुंबईत स्टुडिओला पैसे का मोजायचे?

‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. त्याचे बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर झाले होते आणि त्याचे कारण रेल्वे होते. ग्रँट रोडजवळचा स्टुडिओ रुळांना लागून होता. गाड्यांची वर्दळ थांबली की अर्देशीर इराणी काम सुरू करत. गाणीही तिथेच, कॅमेऱ्यासमोर, वादकांना चौकटीबाहेर लपवून मुद्रित केली जात. आता मोबाइलवर गाणे रेकॉर्ड करता येते, हजारांत बरा माइक मिळतो, घरच्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅकचे मिश्रण होते. तरीही गायक, निवेदक, डबिंग कलाकार तासाचे भाडे मोजून स्टुडिओत जातात. ते नेमके कशाचे पैसे देतात?

शांततेची किंमत इतकी का?

उपकरणांपेक्षाही आधी स्टुडिओ शांतता विकतो आणि मुंबईत ती सर्वांत महाग वस्तू आहे. देशातील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रुग्णालये-शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. चांगल्या ध्वनिमुद्रण कक्षात पार्श्वभूमीचा आवाज २०-२५ डेसिबलच्या आसपास असावा लागतो. म्हणजे शहरातल्या प्रत्येकाने नियम तंतोतंत पाळले, तरी ती शांतता स्टुडिओला पुरणार नाही. आणि नियम किती पाळले जातात, हे लिंक रोडवर राहणाऱ्यांना सांगायला नको. वाहत्या रस्त्यावर ७०-८० डेसिबल सहज असतात. ७५चे २५ करायचे तर बाहेरच्या ध्वनिऊर्जेचा फक्त एक लाखावा भाग आत येऊ द्यायचा.

त्यासाठी स्टुडिओ म्हणजे ‘खोलीतली खोली’ बांधली जाते. इमारतीच्या भिंतींपासून सुटी अशी दुसरी भिंत, रबर किंवा स्प्रिंगवर तरंगती जमीन, छतापासून अलग टांगलेले दुसरे छत. रस्त्यावरच्या ड्रिलचा, वरच्या मजल्यावरच्या पावलांचा हादरा काँक्रीटमधून प्रवास करतो. हा दुवा तोडल्याशिवाय कितीही जाड भिंत घातली तरी तो आत येतोच. रेकॉर्डिस्ट आणि गायक यांच्यातल्या काचाही दोन असतात, दोन वेगळ्या जाडीच्या, कारण एकाच जाडीच्या काचा एकाच स्वराला एकत्र थरथरतात.

खरा घात मात्र फटी करतात. दाराच्या क्षेत्रफळाच्या केवळ एक टक्का जागा उघडी राहिली, तर ते दार कितीही भक्कम असले तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त रोखू शकत नाही. सात बाय तीन फुटांच्या दारात ही एक टक्का जागा म्हणजे खालची जेमतेम पाऊण इंचाची फट. म्हणूनच स्टुडिओचे दार जड असते, त्याला चारही बाजूंनी रबरी पट्ट्या असतात आणि बहुतेक ठिकाणी एकामागे एक अशी दोन दारे उघडावी लागतात. वातानुकूलनाचेही तसेच. हवा लागते, पण हवेचा आवाज चालत नाही. त्यामुळे मोठ्या स्टुडिओत रुंद नळ्यांमधून हवा संथपणे सोडतात. लहान स्टुडिओत टेकपुरता एसी बंद होतो आणि घामाघूम गायक तीन-चार मिनिटांनी तो पुन्हा सुरू व्हायची वाट पाहतो.

अंड्यांच्या ट्रेंचे काय?

समाजमाध्यमांवर घरगुती स्टुडिओचे असंख्य व्हिडीओ दिसतात. भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा काळा फोम चिकटवला की खोली ‘साउंडप्रूफ’, असा त्यांचा दावा असतो. तो चुकीचा आहे. बाहेरचा आवाज रोखायला वजन आणि हवाबंदपणा लागतो. ट्रेमध्ये दोन्ही नाहीत. फोमचे काम वेगळे आहे. तो खोलीतल्या खोलीत आपटून परतणारा आवाज थोडा शोषतो, तोही वरच्या पट्टीतला.

खालच्या पट्टीचे गणित अवघड आहे. दहा फुटांच्या अंतरावर समोरासमोर भिंती असतील, तर सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर त्या दोघांत अडकून घुमू लागतो. बेस गिटारचा खालचा ‘ए’ ५५ हर्ट्झचा, म्हणजे जवळपास तिथलाच. मग खोलीच्या एका कोपऱ्यात बेस कान फाडतो आणि मध्यभागी उभे राहिले की गायब होतो. अशा खोलीत मिक्स केलेले गाणे गाडीत किंवा इअरफोनवर भलतेच ऐकू येते, कारण मिक्स करणारा खोलीची चूक दुरुस्त करत बसलेला असतो. दोन इंची फोमला या लांब लहरी दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी कोपऱ्यांत फूट-दोन फूट जाडीचे रॉकवूलचे थर घालावे लागतात, भिंतींचे कोन बदलावे लागतात. मोठ्या स्टुडिओंच्या भिंती तिरक्या दिसतात त्या शोभेसाठी नव्हेत.

उलट टोकही वाईटच. सगळा प्रतिध्वनी शोषून घेतलेल्या खोलीत तानपुरा निर्जीव वाटतो, गायकाला स्वतःचा आवाज परका वाटतो आणि तो नकळत जोर लावू लागतो. बोलण्याच्या कामासाठी, म्हणजे जाहिरात, डबिंग, ऑडिओबुक यांसाठी कोरडी लहान खोली उत्तम. सतार, सारंगी किंवा व्हायोलिनच्या ताफ्याला मात्र उंच छत आणि थोडा घुमारा लागतो. स्टुडिओ चांगला की वाईट, हे काय रेकॉर्ड करायचे यावर ठरते.

शंभर वादकांची दालने कुठे होती?

मुंबईत अशी मोठी दालने होती आणि त्यांच्यावरच हिंदी-मराठी चित्रसंगीताचा भरजरी आवाज उभा राहिला. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला उभारलेले राजकमल कलामंदिर, महालक्ष्मी आणि ताडदेवचे फेमस, ताडदेवचेच फिल्म सेंटर, मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये वांद्र्यात सुरू केलेला मेहबूब स्टुडिओ. पश्चिम रेल्वेच्या मोजक्या स्थानकांच्या पट्ट्यातच ही सारी ठिकाणे. राहुलदेव बर्मन यांचे फिल्म सेंटर ठरलेले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे मेहबूब.

तेथे गायक, कोरस, साठ-सत्तर आणि प्रसंगी शंभराच्या घरात वादक एकाच वेळी वाजवत. ट्रॅक एकच. शेवटच्या कडव्यात एखाद्याचे बोट घसरले की सगळ्यांनी पहिल्यापासून. मिश्रण नंतर करण्याची सोय नव्हती, त्यामुळे ते वाजत असतानाच व्हायचे. कोणाला माइकजवळ बसवायचे, ब्रासला किती मागे ढकलायचे, ढोलकी पडद्याआड ठेवायची का, हे रेकॉर्डिस्ट ठरवत असे. ताडदेवच्या फेमसमध्ये मिनू कात्रक, मेहबूबमध्ये कौशिक, राजकमलमध्ये मंगेश देसाई ही माणसे म्हणूनच संगीतकारांइतकी महत्त्वाची होती. गाण्यांच्या याद्यांत त्यांची नावे क्वचितच येतात, हा अन्यायच म्हणायचा.

वादकांना कागदावर स्वरलिपी लिहून देणारे संयोजक हा या यंत्रणेचा दुसरा कणा. त्यात गोमंतकीयांचा वाटा मोठा. चर्चमधील संगीतशिक्षणामुळे त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी लहानपणापासून येत असे. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले, ते नाव एका खऱ्या वादकाचे आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. मराठीत अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांनी हेच काम वर्षानुवर्षे केले.

मग ती रिकामी का झाली?

तंत्रज्ञानाने एकत्र बसण्याची गरजच संपवली. १९७०-८०च्या दशकांत बहुट्रॅक ध्वनिमुद्रण रुजले. आज तबला, उद्या बासरी, गायिका परवा, असे तुकड्यांत काम होऊ लागले. फोर्टमधील वेस्टर्न आउटडोअरसारखे, आकाराने आटोपशीर पण उपकरणांनी पुढारलेले स्टुडिओ मागणीत आले. मग कीबोर्डवर व्हायोलिनच्या ताफ्याचा तयार आवाज मिळू लागला. १९९०च्या दशकात संगणकाने उरलेले काम केले. तीस व्हायोलिनवादकांना बोलावण्याऐवजी एक वादक कीबोर्डसमोर बसला. अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ या २००८च्या पुस्तकात मुंबईच्या या वादकांच्या मुलाखतींतून हा बदल नोंदवला आहे. दिवसाला दोन-दोन स्टुडिओ करणाऱ्यांचे काम काही वर्षांत आटले.

दुसरे कारण जागा. दोन मजली उंचीचे, दिवसातून एकदाच भाड्याने जाणारे दालन मुंबईच्या जमिनीच्या भावात परवडत नाही. चित्रीकरणाच्या स्टुडिओंचीही तीच गत. २०१७च्या आगीनंतर चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१९ मध्ये बांधकाम कंपनीकडे गेला. मेहबूब स्टुडिओ उभा आहे, पण आज तो चित्रीकरण आणि महिंद्रा ब्लूज महोत्सवासारख्या कार्यक्रमांसाठी अधिक ओळखला जातो.

याचा परिणाम एका मराठी चित्रपटाने स्पष्ट केला. ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला तो लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, एमजीएमच्या काळापासून चालत आलेल्या दालनात. त्याची बातमी अभिमानाने झाली, ते योग्यच. पण ज्या शहरात कधीकाळी रोज शंभर वादक जमत, तिथल्या संगीतकाराला मोठ्या ताफ्यासाठी समुद्रापार पाहावे लागते, ही त्याच बातमीची दुसरी बाजू. आता बुडापेस्ट आणि उत्तर मॅसेडोनियातील स्कोप्ये येथील वाद्यवृंद तासाच्या हिशेबाने मिळतात. संगीतकार मुंबईत बसून इंटरनेटवरून सूचना देतो, तिकडे वादक वाजवतात, संध्याकाळी फाइल येते. खोली, माइक आणि एकत्र वाजवण्याची सवय असलेली माणसे, असे तिन्ही तिथे एका छताखाली आहे. खोली पुन्हा बांधता येते. रोज शेजारी बसून वाजवल्याने येणारी सवय विकत मिळत नाही.

आज स्टुडिओ कुठे आहेत?

केंद्र वांद्र्याहून वर सरकले. अंधेरीतील यशराज, सांताक्रूझ-जुहू भागातील सुरेश वाडकर यांचे आजीवासन ही परिचित नावे. त्यांच्या भोवती अंधेरी, ओशिवरा, वर्सोव्यात गाळ्यांत, बंगल्यांत, इमारतींच्या तळघरांत असंख्य लहान स्टुडिओ आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे पोट गाण्यांवर नव्हे, बोलण्यावर चालते. मालिकांचे आणि ओटीटीचे डबिंग, ऑडिओबुक, पॉडकास्ट, जाहिराती. चित्रपटांच्या अंतिम मिश्रणाचे कक्ष वेगळेच असतात. ते जवळजवळ लहान चित्रपटगृहच असते, कारण प्रेक्षक जिथे ऐकणार तसेच मिश्रण करणाऱ्यालाही ऐकू यावे लागते.

ही पर्यटनस्थळे नव्हेत. फाटकाशी जाऊन ‘बघू द्या’ म्हटले तर नकार मिळतो. आत कोणाचे तरी अप्रकाशित काम सुरू असते. लंडनच्या ॲबी रोडवरही बहुतेक चाहते बाहेरच्या झेब्रा क्रॉसिंगवरूनच परततात. मात्र बुकिंग करायचे असेल तर आधी वेळ ठरवून जागा पाहता येते आणि ती पाहावीच.

पाहायला गेल्यावर काय तपासावे?

उपकरणांच्या यादीने दिपून जाऊ नये. एसी सुरू ठेवून मायक्रोफोन खोलीत उभे राहावे, हेडफोन लावावा आणि एक मिनिट कोणी बोलू नये. रिक्षा, लिफ्ट, वरच्यांचा मिक्सर, जे ऐकू येईल ते तुमच्या गाण्यातही येणार. शक्यतो ज्या वेळेचे बुकिंग हवे त्याच वेळी जावे. दुपारी शांत असलेली गल्ली संध्याकाळी सातला वेगळीच असते आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने ढोल पथकांच्या सरावाचे असतात. मग टाळी वाजवावी. झणझणीत, पत्र्यासारखा पडसाद आला तर खोली नीट बांधलेली नाही. कंट्रोल रूममध्ये स्वतःला पाठ असलेले एखादे गाणे लावायला सांगावे. त्यातला बेस खुर्ची पुढे-मागे सरकवताच बदलत असेल, तर तिथे आवाज मुद्रित करावा, मिक्स दुसरीकडे.

पैशांचे बोलणे स्पष्ट हवे. भाडे तासावर की शिफ्टवर, रेकॉर्डिस्ट त्यात धरला आहे का, माइक लावण्यात गेलेला वेळ मोजला जाणार का, वीज गेली तर काय. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मिक्स न केलेल्या सुट्या ट्रॅकच्या फाइल मिळणार का. त्या हाती नसतील तर पुढे एक ओळ बदलायलाही त्याच दाराशी जावे लागते. तबला-पखवाजवाल्यांनी तासभर आधी पोहोचावे. एसीच्या कोरड्या हवेत पुडी चढते आणि पावसाळ्यात बाहेरून आणलेले वाद्य आत बसेपर्यंत सूर सरकत राहतो.

आणि सगळेच काम तिथे करायची गरज नाही. कीबोर्ड, प्रोग्रॅमिंग, बेस थेट संगणकात जातात, खोलीचा प्रश्नच येत नाही. स्क्रॅच गायन घरी होते, तेही कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर उभे राहिले तर बऱ्यापैकी कोरडे मिळते. चुका, चाल, शब्द यांचा घोळ तिथेच निस्तरावा. बेताचे पैसे असलेले अनेक तरुण संगीतकार आता असेच करतात. गाणे घरी पूर्ण बसवायचे, मग एका शिफ्टसाठी चांगली खोली घ्यायची आणि त्या चार तासांत फक्त गायकाचा आवाज आणि तबला.