गाडीने नेपाळला जाताय? आधी भन्सार समजून घ्या

पशुपतिनाथाला स्वतःच्या गाडीने निघालेल्यांसाठी. भारताच्या हद्दीतली सोनौली ओलांडून नेपाळच्या बेलहियात शिरताच काचेवर टकटक होते, "भन्सार करून देतो!" भन्सार म्हणजे गाडीचा जकात परवाना, दिवसांच्या हिशेबाने. तो भन्सार कार्यालयाच्या खिडकीवर आपला आपण काढता येतो. मूळ आरसी आणि लायसन्स हाताशी ठेवा. दलाल सरकारी शुल्कात स्वतःचे पैसे मिसळून एकच आकडा सांगतात, म्हणून पावतीवरची रक्कम वाचाच. दिवस मात्र एखादा जास्तच घ्या, मुदत उलटली की दंड. भारतीय माणसांना व्हिसा लागत नाही, १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार. तरी कुणी 'एन्ट्री'चे पैसे मागितले, तर शांतपणे पावती मागा. फार राग येतो हो, थकलेल्या म्हाताऱ्या यात्रेकरूंना असं नाडताना पाहून! नोटा बदलताना १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, हा अधिकृत दर लक्षात असू द्या.