तरुणपणीचा हृदयविकार



पस्तिशीतल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला म्हणजे मयतीला जमलेले लोक दोन गोष्टी बोलतात. 'त्याला काही दुखणं नव्हतं हो', ही एक आणि 'त्याचं भरलं होतं', ही दुसरी. आम्ही डॉक्टर नव्हे; आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मिळेल ते वाचून झाले. पण जे वाचले त्यावरून ही दोन्ही वाक्ये आम्हांला पटत नाहीत.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात चरबीचा थर साचतो. गाळाने नळ चोंदतो तसे, असे सांगतात. पण तो दृष्टांत अपुरा आहे. नळ हळूहळू चोंदला तर चढ चढताना छाती दुखते, माणसाला आगाऊ सूचना मिळते. तरुणाच्या बाबतीत पुष्कळदा थर लहानच असतो, पण कच्चा, पिकल्या फोडासारखा. तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. दुखणे होतेच, ते दुखत नव्हते, इतकेच.

थर का साचतो, याचा शोध अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून घेतला गेला. पुढे २००४ साली ५२ देशांतील रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तंबाखू, रक्तातील वाईट चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळभाजीचा अभाव, व्यायामाचा अभाव, आणि मद्याची सवय, या नऊ गोष्टींनी जगातील बहुतेक झटक्यांचा उलगडा होतो असे तीत दिसले. त्याच पाहणीवरून २००७ साली असेही निघाले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो. आपले हृदय काही वेगळ्या मातीचे नाही. हीच कारणे आपल्याकडे लवकर गोळा होतात. आनुवंशिकता आहेच. वडील वा भाऊ यांना पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर त्या घरातील मुलाने तिशीतच सावध व्हावे.

तंबाखूविषयी थोडे अधिक बोलू. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा बिनधुराची तंबाखू खाणारा निघाला. पुडीत धूर नाही, म्हणून छातीला अपाय नाही, असे आमच्या सोबत्यांना वाटते. निकोटीन गालातूनही रक्तात उतरते, ठोके वाढवते, रक्तदाब चढवते. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे म्हणतात. पानटपरीवर चौकशी करून पाहावी!

आता कामाकडे येतो, कारण खाण्यापिण्याचा उपदेश पुष्कळ होतो आणि कामाचे नाव कोणी काढीत नाही. लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास १९५३ साली छापून आला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितले की आठवड्याला ५५ तास वा अधिक राबणाऱ्याला, ३५ ते ४० तास राबणाऱ्याच्या तुलनेत, हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. पाळीपाळीने काम करणाऱ्यांत झटक्याचे प्रमाण सुमारे २३ टक्के अधिक, असा २०१२ सालचा हिशेब आहे. जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांत भट्टी थंड करणे परवडत नाही, म्हणून रात्रपाळी आलीच. तिच्यावर ओव्हरटाइम, ओव्हरटाइमवर जागे राहण्यासाठी चहा नि पुडी. याला 'वाईट सवय' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एक आठवडा ती पाळी करून पाहावी.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपासून रक्तदाब व साखर फुकट तपासतात. पण केंद्र उघडे असते तेव्हा आमचा माणूस एकतर कामावर असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तेव्हा चाळिशीपुढील कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी सरकारने जाहीर केली. ठीक आहे, पण थर काही चाळिशीची वाट पाहात बसत नाही. तिशीपासून, फाटकाच्या आत, पाळीच्या वेळात, पगार न कापता तपासणी, ही मागणी आम्ही करतो, आणि तीत कंत्राटी कामगारही आला पाहिजे.

तपासणी होईल तेव्हा होईल. झटका थांबत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम, धाप, ही लक्षणे तरुणात दिसली की सगळे म्हणतात 'पित्त झालं', आणि सोडा पाजतात. त्यात मोलाचे तास जातात. अशा सोबत्याला मोटारसायकलवर बसवून घरी सोडू नये. १०८ ला फोन करावा आणि जिथे हृदयाचा आलेख निघतो अशा जवळच्या दवाखान्यात न्यावे. भोकरदन-मंठ्याकडून मोठ्या शहराचे इस्पितळ गाठायचे तर वाटेतच वेळ जातो, आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे कामाचे. ते आपल्या तालुक्यात कुठे मिळते, रात्री मिळते की नाही, याची चौकशी आजच करून तो पत्ता प्रत्येक कारखान्याच्या फलकावर लावून ठेवावा.