जपलेले वाचताही आले पाहिजे

संगणक आणि मोबाइल या विषयावर मत नाही असा माणूस आता सापडणे कठीण. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा सातबाऱ्याचा उतारा काढायला झेरॉक्सच्या दुकानापुढे थांबलेल्या शेतकऱ्यापासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाला यातले काही ना काही सांगायचे असते. या बोलण्यातून तीन मते सारखी ऐकू येतात. पहिले असे, की जे फुकट मिळते ते कमअस्सल. दुसरे असे, की मोबाइलच्या पडद्यावरचे ते एक रंगीत चिन्ह दाबले की जे उघडते तेच इंटरनेट. आणि तिसरे असे, की जुने कागद एकदा स्कॅन करून ठेवले की जपणुकीची चिंता मिटली. तिन्ही मते वरकरणी निरुपद्रवी आहेत. पण मराठीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे लिहिले गेले, ते आपल्या नातवंडांना वाचता येईल की नाही, हे बरेचसे या तीन मतांवर अवलंबून आहे. म्हणून ती जरा तपासून पाहायला हवीत.

आधी ‘फुकट’विषयी. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. मराठीने सुदैवाने त्यांना वेगवेगळे शब्द दिले आहेत. पण आपणही गल्लत करतोच. 1983 साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ज्या चळवळीला सुरुवात केली, तिचा आग्रह फुकट देण्याचा नव्हता, मोकळे ठेवण्याचा होता. आज्ञावली ज्या मूळ संहितेतून तयार होते, ती कोणालाही पाहता यावी, दुरुस्त करता यावी आणि दुसऱ्याला देता यावी, एवढेच त्यांचे म्हणणे. बाजारातून मसाल्याची पुडी आणली तर ती संपेपर्यंत आपली. शेजारच्या काकूंकडून मसाल्याची कृतीच लिहून घेतली तर दुकान बंद पडले तरी स्वयंपाक अडत नाही, आणि तिखट कमी-जास्तही करता येते. 1991 साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा असाच मोकळा करून दिला. आज ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा मोबाइल आहे, ते सगळे त्याच लिनक्सच्या गाभ्यावर विसंबून आहेत. कमअस्सल म्हणणाऱ्यांच्याही खिशात बहुधा तोच असतो.

मराठीपुरते बोलायचे तर याहून बोलके उदाहरण ‘टेसरॅक्ट’चे. छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारी ही आज्ञावली ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीत 1980च्या दशकात तयार झाली आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे पडून राहिली. 2005 साली ती खुली झाली. मग ठिकठिकाणच्या लोकांनी तिला निरनिराळ्या भाषा शिकवल्या आणि त्यांत मराठीही आली. मराठीतली गिऱ्हाइके मोजून कोणत्याही कंपनीने हा उद्योग केला असता का, याची शंका आहे. कुलूप निघाले म्हणून मराठीची सोय झाली.

आता दुसरे मत. इंटरनेट म्हणजे ते चिन्ह नव्हे. ते चिन्ह ब्राउझरचे, म्हणजे खिडकीचे. खिडकीलाच जग समजले की काय होते, हे मराठी वाचकाने एकदा अनुभवले आहे. 2000 सालच्या आसपास भारतीय भाषांतली बरीच संकेतस्थळे आपापला खास ‘डायनॅमिक फाँट’ वापरीत, आणि त्याचा एक प्रमुख प्रकार केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट दिसे. विंडोजबरोबर तो आयताच येई, म्हणून कोणाला त्याचे काही वाटत नसे. ज्याच्याकडे दुसरा ब्राउझर, त्याच्या पडद्यावर मात्र बातमीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. याच सुमारास दुसरी हालचाल चालली होती. नेटस्केप या कंपनीने मार्च 1998 मध्ये आपल्या ब्राउझरची संहिता जगासमोर ठेवली. तिच्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर 2004 मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. संहिता खुली असल्यामुळे स्वयंसेवकांना ‘पद्म’ नावाची पुरवणी तिला जोडता आली. अशा खास फाँटमधला मजकूर ती सर्वांना चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून दाखवी. पुढे फायरफॉक्स सबंध मराठीत आला. इंटरनेट एक्स्प्लोररचा कारभार मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी गुंडाळला. केवळ त्याच्यासाठी रचलेली जी पाने कोणी बदलली नाहीत, ती वाचायची कशी, हा प्रश्न मागे उरला.

यात नेमके काय चुकले, हे दारव्ह्याच्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला नॅरोगेजवर धावायची. दोन रुळांमधले अंतर अडीच फूट. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाइन, तिचे अंतर साडेपाच फूट. कापूस तोच, गाठी त्याच, पण मूर्तिजापूरला त्या एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवल्याखेरीज पुढे जाणार कशा? 1990च्या दशकातल्या मराठी फाँटचे असेच होते. प्रत्येक कंपनीचा गेज निराळा. तेव्हाच्या फाँटना अक्षरांसाठी अवघी 256 घरे मिळत. त्यांतल्या कोणत्या घरात ‘क’ बसवायचा आणि कोणत्या घरात काना, हे ज्याचे त्याने ठरवलेले. या कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच खिळे जुळवण्याच्या कष्टांतून मराठी छपाई सुटली. परंतु 1991 साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. त्यात ‘क’चा क्रमांक 2325, तो मुंबईत तोच, मेलबर्नमध्ये तोच आणि कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तोच. सर्वांचा गेज एक. ही सोय घरोघर पोचायला मात्र पुढे दहा-पंधरा वर्षे लागली.

मधल्या काळातला मजकूर कुठे गेला? माझी एक कादंबरी त्या दशकात छापली गेली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी छापखान्याने जुनी फाइल जपून ठेवल्याचे आनंदाने सांगितले. ती उघडली तेव्हा पानभर रोमन अक्षरे आणि स्वल्पविरामांचे ढीग. तो फाँटही गेला होता आणि तो चालवणारे यंत्रही. अखेर छापील प्रत समोर ठेवून सारे पुस्तक पुन्हा टंकावे लागले. एका कादंबरीचे राहू द्या. पण त्या पंधरा-वीस वर्षांतले दिवाळी अंक, गावोगावची स्मरणिका, शाळांचे अहवाल, संस्थांची इतिवृत्ते याच प्रकारे जुळवलेली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा छापील कागद आजही वाचता येतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल उघडत नाही.

इथे तिसऱ्या मताची गाठ पडते. ठेवणे आणि वाचता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विदर्भाने फार पूर्वी पाहिले आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथ्या मठांमध्ये निगुतीने सांभाळल्या गेल्या. पण पंथाबाहेरच्या वाचकाला त्या कित्येक शतके मुक्याच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीने या लिप्यांचा उलगडा झाला, तेव्हा कुठे आपल्या प्राचीन गद्याचे वैभव मराठी माणसासमोर आले. रिद्धपुरात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. किल्ली सर्वांजवळ हवी आणि प्रती अनेकांजवळ हव्यात, हे दोन्ही धडे एकाच वाङ्मयात मिळतात.

बँकेत काम केलेल्यांना यातला दुसरा धडा नवा नाही. तिजोरीच्या डुप्लिकेट किल्ल्या त्याच शाखेत कधी ठेवीत नाहीत. त्या दुसऱ्या शाखेत जमा असतात. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात लाखो भारतीय पुस्तके स्कॅन झाली, त्यांत मराठीही पुष्कळ होती. 2016-17च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातली बहुतेक पुस्तके आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर सापडतात, कारण कोणीतरी त्यांच्या प्रती वेळीच तिकडे पोचवल्या होत्या. 1996 साली ब्रूस्टर काल यांनी स्थापलेली ही संस्था जगभरच्या संकेतस्थळांची जुनी पानेही साठवून ठेवते. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही. म्हणून मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक एकेक पान मूळ छापील पानाशी ताडून युनिकोडमध्ये उतरवतात. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याच्या प्रकाशित पुस्तकांवरचा स्वामित्वहक्क आपल्याकडे संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले. त्यामुळे ‘श्यामची आई’ 1 जानेवारी 2011 पासून सर्वांची झाली. अशा पुस्तकांची सोय होईल. परंतु आपल्या आजोबांची रोजनिशी, आईची गाण्यांची वही, गावच्या वाचनालयाचे जुने प्रोसिडिंग बुक यांच्यासाठी बाहेरून कोण येणार?

ते काम घरच्यांनाच करायचे आहे, आणि ते फारसे अवघडही नाही. कागद स्कॅन करावा, पण मूळ कागद टाकू नये. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये टंकून घ्यावा. फाइलच्या नावात साल आणि व्यक्ती लिहावी. कोणत्याही एका कंपनीच्याच यंत्रावर उघडेल असा प्रकार टाळावा. एक प्रत घरात, एक परगावी असलेल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. जुन्या फाइली अजून उघडत असतील तर त्या आताच बदलून घ्याव्यात. दरवर्षी उघडणाऱ्यांची संख्या कमीच होत जाणार. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी म्हणा, सगळे उघडून पाहावे. बँकेत रोकड नुसती लिहून ठेवीत नाहीत, मोजतातही.

शकुंतला आता धावत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचे काम चालू आहे आणि तो दारव्ह्यावरूनच पुढे दिग्रस, पुसदकडे जायचा आहे. तो पुरा झाला म्हणजे दारव्ह्याचा माल मूर्तिजापूरला उतरवावा लागणार नाही. रुळांचा गेज सरकार बदलेल. घरातल्या अक्षरांचा गेज आपला आपल्यालाच बदलावा लागणार आहे, आणि ते वाचू शकणारी माणसे व यंत्रे हाताशी आहेत तोवरच.