आजीला दंड, नातीला क्लास

पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटावरची तरुण मंडळी आपलीच मातृभाषा शिकायला क्लास लावताहेत. का बरं?

'हाफा अदाइ!'

दचकू नका, शिवी नाहीये ही. ग्वाम बेटावरचं हे 'हॅलो'. पटकन म्हटलं की चक्क 'हाफ अ डे' ऐकू येतं. सॅन दिएगोत नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी शेजारच्या क्युबिकलमधून हे ऐकू आलं, तेव्हा तिला वाटलं, बाई हाफ डे टाकून घरी निघाल्या!

ही शेजारीण चामोरो. आडनाव स्पॅनिश, पासपोर्ट अमेरिकन. चेहऱ्यावरून कुणी तिला फिलिपिनो समजतं, कुणी मेक्सिकन. आणि दर शनिवारी सकाळी ती पैसे भरून एक ऑनलाइन क्लास करते. सालसा नाही, योगा नाही. स्वतःच्या आजीची भाषा!

मला आधी गंमत वाटली. मग मी वाचत गेले, ऐकत गेले, आणि गंमत ओसरली.

नकाशावरचा ठिपका

ग्वाम हे मारियाना बेटांपैकी सगळ्यात मोठं बेट. मोठं म्हणजे किती, तर साधारण 549 चौरस किलोमीटर. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,53,836, त्यात चामोरो फक्त एक तृतीयांश. पण ते तिथले मूळ रहिवासी. त्यांचे पूर्वज साडेतीन हजार वर्षांपूर्वी होड्यांतून इथे आले. पुढे त्यांनी दगडी खांबांवर घरं बांधली. या खांबांना म्हणतात 'लाट्टे'. कॉफी आठवली ना? तिचा काही संबंध नाही. खाली खांब, वर वाटीसारखा गोल दगड, असा हा लाट्टे आज चामोरो ओळखीचा 'लोगो' झालाय. टी-शर्टवर, टॅटूत, सगळीकडे.

6 मार्च 1521 ला मॅगेलनची जहाजं इथे पोचली. बेटावरच्या लोकांनी जहाजावरच्या वस्तू उचलल्या, एक छोटी बोटही नेली. मॅगेलनने घरं जाळली, माणसं मारली आणि नाव ठेवलं 'चोरांची बेटं'. पुढे 1668 मध्ये स्पॅनिश मिशनरी आणि सैनिक आले ते मुक्कामालाच. लढाया आणि रोगराई यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चामोरो पाच हजारांच्याही आत आले.

'च' चाकातला

तरीही भाषा टिकली. कशी? तिने स्पॅनिश शब्द सरळ गिळले आणि पचवले. एक-दोन-तीन म्हणायचे स्वतःचे आकडे गेले, 'उनो, दोस, त्रेस' आले. वारही स्पॅनिशच. पण व्याकरण मात्र आपलंच. 'कान्ता' हा गाण्याचा स्पॅनिश शब्द घेतला, त्याच्या पोटात 'उम' घुसवला, एक अक्षर दोनदा म्हटलं, झालं 'कुमाकान्ता', म्हणजे गातोय. आपण नाही का 'मेल फॉरवर्डला' म्हणत? तोच फंडा!

आणि एक सॉलिड गोष्ट. चामोरोतला 'च' हा 'चाकातला' च आहे, 'चहातला' नाही. इंग्रजीत वाय लिहितात तो उच्चार 'जाळ्यातला' ज. अमेरिकन माणसाची इथे जीभ अडखळते, आपल्याला मात्र लहानपणापासून सवय. किल्लीला ते म्हणतात 'जाबी', स्पॅनिशवरून. आपली 'चावी' आली पोर्तुगीजांकडून. दोन्ही शब्दांची पणजी एकच, लॅटिन.

'इंग्लिश ओन्ली'

स्पेनच्या 230 वर्षांत जे झालं नाही ते पुढे दोन-तीन पिढ्यांत झालं. 1898 मध्ये ग्वाम अमेरिकेकडे गेलं. कारभार नौदलाकडे. 1917 मध्ये सरकारी कामात चामोरोवर बंदी आली. 1922 मध्ये तर चामोरो शब्दकोश गोळा करून जाळले गेले. शाळेच्या मैदानावर मुलं आपसात चामोरो बोलली की दंड. 1941 ते 1944 जपानी फौजांचा ताबा, तोही भयंकर. मग अमेरिका परत आली, 1950 मध्ये नागरिकत्व मिळालं. पण राष्ट्राध्यक्ष निवडायला मत? ते ग्वाममध्ये राहणाऱ्यांना आजही नाही.

दंड भरलेली ती मुलं मोठी झाली, आई-बाबा झाली. त्यांनी ठरवलं, आपण सोसलं ते पोरांनी सोसायला नको. घरात इंग्लिशच बोलूया. जबरदस्तीने जे साधलं नसतं, ते मायेने साधलं. शेजारणीच्या आईला चामोरो समजतं, पण उत्तर येतं इंग्लिशमध्ये. शेजारणीला तर समजतही नव्हतं.

मग उरलं काय?

बरंच काही. वडीलधाऱ्या माणसासमोर वाकून त्याचा हात नाकाशी नेऊन हुंगायचा, हा 'मङिङि'. लग्नात किंवा मयताला पैसे, जेवण, मदत द्यायची, कुणी काय दिलं ते वहीत लिहायचं आणि आपली पाळी आली की परत करायचं, हा 'चेंचुले'. आहेराची वही आठवली की नाही? लिंबू, खोबरं, मिरची घातलेलं चिकन 'केलागुएन' आणि लाल भात तर हवाच.

पण नुसतं खाऊन चामोरो होता येतं का? हा प्रश्न कोर्टातही गेला. ग्वामचं राजकीय भवितव्य ठरवणाऱ्या मतदानात कुणी भाग घ्यायचा? कायद्याने हा हक्क 'मूळ रहिवाशां'ना, म्हणजे 1950 च्या कायद्याने नागरिक झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना दिला होता. 2019 मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने तो वांशिक भेदभाव ठरवून रद्द केला. म्हणजे कागदावर 'आम्ही कोण' म्हणायची सोयही गेली. अशा वेळी तोंडातली भाषा जास्तच मोलाची होते.

रीस्टार्ट

1974 मध्ये चामोरो इंग्लिशसोबत अधिकृत भाषा झाली. 2005 पासून हुराओ अकादमीत लहान मुलांशी फक्त चामोरो बोलतात. 2016 मध्ये भाषा आयोगाचा कायदा झाला. आयोगाने 'चामोरू' असं नवं स्पेलिंग सुचवलं, त्यावर वादही रंगले. सायपान बेटावरच्या चामोरोंना जुनंच पसंत! स्पेलिंगवरून भांडायला आधी भाषेवर जीव असावा लागतो, नाही का?

शेजारीण शनिवारी क्लास संपला की ग्वामला आजीला फोन लावते. आजी पहिलं वाक्य चामोरोत बोलते आणि दुसऱ्याला सवयीने इंग्लिशवर येते. शाळेतला तो दंड अजून डोक्यात बसलाय. पण परवा मैत्रिणीने कळवलं, दहा मिनिटं झाली तरी आजी इंग्लिशवर आलीच नाही. विसरली बहुतेक!

ट्राय करा

हाफा अदाइ: हॅलो
सि जुउस मआसे: थँक यू (ज जाळ्यातला)
अदिओस: बाय
इनाफामाओलेक: एकमेकांचं भलं करणं, एकमेकांशी जुळवून घेणं. चामोरो संस्कृतीचा गाभाच!